गाड्यांच्या सायबर सुरक्षेवर विनामोबदला काम करणारे हे लोक असतात तरी कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये (यंत्रांच्या आतल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नोकरी करता, गाड्यांच्या सायबर सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या एखाद्या स्वयंसेवी गटात यावं असं मनात आहे. पण तिथे नक्की कोण असतं, ते पैसे न घेता का राबतात, त्यांतले बरेचजण गाड्यांच्याच कंपन्यांत कामाला असतील तर त्यांच्यावर विश्वास कसा टाकायचा, आणि हॅकिंग येत नसताना तुमचा तिथे उपयोग काय, हे कळत नाही. मी अशा गटात बरीच वर्षं आहे. सुरुवात टेस्ट बेंच, म्हणजे गाडीचे सुटे भाग टेबलावर जोडून तपासायची मांडणी, जुळवण्यापासून झाली, आता मुख्यतः त्रुटी सापडल्यानंतरचा पाठपुरावा माझ्याकडे असतो. माझं उत्तर त्या बाजूने झुकलेलं असणार, हे आधीच सांगते.

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो: इथे कोणाला काही सापडलं तर पुढे त्याचं काय होतं? त्रुटी शोधणारे लोक गटात येतातच, त्यांना बोलवावं लागत नाही. सापडलेली त्रुटी योग्य माणसाच्या टेबलापर्यंत नेणारं, महिनोन्‌महिने तिच्या मागे लागणारं, दुरुस्ती झाली असं कंपनीने कळवल्यावर ती खरंच झाली का हे पुन्हा तपासणारं कोणी गटात आहे का, यावरून मी गट जोखते. असं कोणी नसेल तर तिथे कितीही हुशार मंडळी असोत, रस्त्यावरच्या गाडीत फरक पडत नाही.

आधी माणसांबद्दल. या क्षेत्रातलं सुरुवातीचं मोठं काम विद्यापीठांतून आलं. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सॅन दिएगोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की गाडीच्या आतल्या नेटवर्कमध्ये एकदा शिरलं की ब्रेकपासून इंजिनपर्यंत हुकमत चालवता येते. २०११ मध्ये त्यांनीच ब्लूटूथ, मोबाइल नेटवर्क, इतकंच काय सीडीवरच्या गाण्याच्या फाइलमधूनही आत शिरता येतं हे सिद्ध केलं. गाडी कोणत्या कंपनीची होती हे मात्र त्यांनी निबंधांत लिहिलं नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नव्हतं. पुढे चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोन सुरक्षा संशोधकांनी २०१३ मध्ये फोर्ड एस्केप आणि टोयोटा प्रियसवरचं काम साधनांसकट जाहीर केलं, तेव्हा हा विषय प्रयोगशाळेबाहेरच्या लोकांच्याही हाताशी आला. क्रेग स्मिथ यांनी ओपन गॅरेजेस या नावाने लोक जमवले आणि गाड्यांच्या सुरक्षेवरचं आपलं पुस्तक कोणालाही मोफत वाचता येईल असं ठेवलं. डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत २०१५ पासून कार हॅकिंग व्हिलेज भरू लागलं. जर्मनीत श्टुटगार्टला सुरू झालेल्या ऑटोमोटिव्ह सिक्युरिटी रिसर्च ग्रुपच्या शाखा आज अनेक देशांत आहेत. या शाखा स्वयंसेवकच चालवतात.

आज अशा गटात गेलात तर सर्वांत मोठा घोळका दिसेल तो ईसीयू, म्हणजे गाडीचा एकेक भाग चालवणारे छोटे संगणक, बनवणाऱ्या सप्लायर कंपन्यांतल्या इंजिनिअरांचा. त्यांच्या खालोखाल वेब आणि नेटवर्कच्या पेनटेस्टिंगमधून (परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधण्याच्या कामातून) आलेले. विद्यार्थी असतातच. आणि काही थोडे असे, ज्यांची नावं कुठल्याही निबंधावर येत नाहीत: ऑटो इलेक्ट्रिशियन, किल्ल्या प्रोग्रॅम करून देणारे, अपघातानंतर गाडीतला डेटा वाचणारे. या शेवटच्या मंडळींशिवाय गट अर्धा आंधळा असतो असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण देते. बेंचवर भंगारातून आणलेला इन्स्ट्रुमेंट क्लस्टर, म्हणजे चालकासमोरचा वेग वगैरे दाखवणारा फलक, जोडला होता. बारा व्होल्टचा पुरवठा ठीक, ईसीयू ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसच्या दोन तारा, कॅन-हाय आणि कॅन-लो, जागच्या जागी, वेग ५०० किलोबिट, तोही बरोबर. तरी स्क्रीनवर एरर फ्रेमशिवाय (फ्रेम म्हणजे बसवरचा एक संदेश) काही नाही. पेनटेस्टिंगमधले दोघं ड्रायव्हर आणि कर्नलच्या आवृत्त्या तपासण्यात गुंतले होते. आमच्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पुरवठा बंद करायला लावला आणि मल्टिमीटरचे प्रोब दोन तारांवर टेकवले. आकडा ६० ओहमच्या आसपास यायला हवा होता, मीटर काही हजार दाखवत होतं. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. मूळ गाडीत ते दुसऱ्या ईसीयूंमध्ये होते आणि गाडीबरोबरच राहून गेले होते. दोन रेझिस्टर लावले आणि फ्रेम धडाधड येऊ लागल्या. त्यानंतर पुढचा तासभर त्याच पेनटेस्टरांनी कुठल्या बाइटमध्ये स्पीडोमीटरचा काटा आहे हे शोधून काढलं, जे त्या इलेक्ट्रिशियनला जमलं नसतं. गट लागतो तो यासाठी.

आता फुकट का राबतात ते. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि त्यात नावलौकिकाचा, पुढच्या नोकरीचा विचारही असतो. त्यात वावगं काही नाही. पण जे टिकतात त्यांच्यात मला एक समान कारण दिसतं: नोकरीत त्यांना पूर्ण गाडी कधी बघायलाच मिळत नाही. आजच्या गाडीत डझनावारी ईसीयू असतात, महागड्या गाड्यांत शंभराच्या आसपास. प्रत्येक वेगळ्या सप्लायरकडून आलेला. ब्रेकचा ईसीयू लिहिणाऱ्याला हेडलाइटचा ईसीयू त्याच तारांवर आहे की गेटवेच्या (गाडीतली वेगवेगळी नेटवर्क जोडणाऱ्या ईसीयूच्या) पलीकडे, हे ठाऊक असेलच असं नाही. कराराप्रमाणे त्याला ते विचारायची गरजही नसते. आणि नेमक्या तिथेच, दोन सप्लायरांच्या मधल्या सांध्यात, त्रुटी बसलेल्या असतात.

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण इयान टेबर यांचं. ते स्वतः या क्षेत्रातले संशोधक. २०२२ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या टोयोटा रॅव्ह-४ चा बंपर आणि हेडलाइटची वायरिंग कोणीतरी उचकटल्याचं त्यांना दिसलं. सुरुवातीला तो नासधुशीचा प्रकार वाटला. पुन्हा तसंच झालं आणि मग गाडीच चोरीला गेली. गाडीने कंपनीच्या टेलिमॅटिक्स सेवेकडे (गाडीची माहिती दुरून गोळा करणाऱ्या सेवेकडे) पाठवलेले फॉल्ट कोड त्यांनी तपासले, चोरांच्या बाजारात मिळणारं यंत्र मिळवून उघडलं, आणि कॅन बसचा अनेक वर्षांचा अनुभव असलेल्या केन टिंडेल यांच्याबरोबर त्याची चिरफाड केली. यंत्र दिसायला साधा वायरलेस स्पीकर होता. हेडलाइटच्या कनेक्टरमधून ते कॅनच्या तारांवर चढायचं, स्मार्ट किल्लीचा ईसीयू असल्याचं सोंग आणून ‘किल्ली खरी आहे’ असा संदेश पाठवायचं, आणि गेटवे तो संदेश निमूटपणे पुढे द्यायचा. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं.

हे घडू शकतं याचं मूळ कारण कॅनच्या रचनेत आहे. बॉशने १९८६ मध्ये तो जगापुढे आणला तेव्हा तारांवर परका कोणी येईल ही कल्पनाच नव्हती. फ्रेममध्ये संदेशाचा क्रमांक असतो, पाठवणाऱ्याची ओळख नसते. तो क्रमांक जो वापरेल त्याचं ऐकलं जातं. पण माझा मुद्दा कॅनपेक्षा माणसांचा आहे. एकाला उचकटलेल्या वायरिंगचा वास आला, दुसऱ्याला त्या यंत्रातला ट्रान्सीव्हर, म्हणजे तारांवर संदेश पाठवणारी-घेणारी चिप, बसवरच्या इतरांना कसा गप्प करतो ते वाचता आलं. दोघांपैकी एकट्याने हे पूर्णत्वाला गेलं असतं असं मला वाटत नाही.

विश्वासाचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळू नका. कंपनीतला माणूस गटात बसून दुसऱ्या कंपनीच्या त्रुटी ऐकत असेल, किंवा स्वतःच्या कंपनीची त्रुटी दाबू पाहत असेल, तर काय? यावर चांगल्या गटात साधे नियम असतात आणि ते खरंच पाळले जातात. प्रत्येकजण आपण कुठे काम करतो हे उघड सांगतो. आपल्या मालकाच्या उत्पादनाबद्दलच्या रिपोर्टवर तो माणूस काम करत नाही. जाहीर न झालेली त्रुटी सभेत मांडली जात नाही, ती दोन-तीन ठरलेल्या लोकांपुरतीच राहते. कोणती माहिती कुठवर न्यायची हे ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉलच्या लाल, अंबर, हिरव्या खुणांनी प्रत्येक कागदावर लिहिलेलं असतं. प्रायोजक असतील तर त्यांची नावं उघड असतात. एखाद्या गटात प्रायोजक कंपनीच्या उत्पादनातली त्रुटी आजवर कधी हाताळली का, हे बेलाशक विचारा. मी असं विचारणाऱ्या नवख्यांचं स्वागतच करते. कंपन्यांनी मिळून चालवलेल्या संस्था निराळ्या, उदाहरणार्थ अमेरिकेतली ऑटो-आयसॅक. त्या सदस्य कंपन्यांपुरत्या असतात आणि त्यांची जागा त्यांना आहेच. स्वतंत्र संशोधकाने ज्याच्याकडे जावं असं दार मात्र स्वयंसेवी गटच देतो.

त्या दाराची गरज किती, हे दोन घटनांवरून कळेल. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे फ्लावियो गार्सिया आणि नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाचे दोन सहकारी यांनी इमोबिलायझरमधल्या (खरी किल्ली नसताना गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेतल्या) मेगामॉस क्रिप्टो या चिपमधल्या उणिवा शोधल्या आणि चिप बनवणाऱ्या कंपनीला कळवल्याही. तरी २०१३ मध्ये फोक्सवागनने ब्रिटनच्या उच्च न्यायालयातून त्यांच्या निबंधावर मनाई आणली. अखेर २०१५ मध्ये निबंध बाहेर आला तो एक वाक्य वगळून. त्याच वर्षी मिलर आणि व्हॅलसेक यांनी जीप चेरोकीत मोबाइल नेटवर्कवरून शिरून दाखवलं. त्यांनी कंपनीला कित्येक महिने आधीपासून माहिती दिली होती. बातमी छापून आल्यावर फियाट क्रायस्लरने सुमारे १४ लाख गाड्या परत बोलावल्या. दोन्हीकडे संशोधकांनी आधी कळवलं होतं, पण त्यांच्यात आणि कंपनीत दोघांनाही मान्य असलेला मध्यस्थ नव्हता. जीपचं प्रात्यक्षिक वाहत्या हायवेवर झालं, ते मला आजही पटत नाही. इतरांचा जीव ज्यात गुंतला आहे असं काहीही आमच्या गटात होणार नाही.

पाठपुराव्याचं काम प्रत्यक्षात कसं असतं तेही सांगते, कारण तुमची जागा मला तिथेच दिसते. कोणीतरी रिपोर्ट आणतं. पहिल्या वाचनात मी त्रुटी किती भयंकर आहे हे बघत नाही, ती नेमकी कुठल्या वस्तूत आहे हे बघते. ‘अमुक मॉडेलचं इन्फोटेनमेंट’ (गाणी, नकाशे, फोन यांची स्क्रीन) असं लिहून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक, देशागणिक वेगळे हार्डवेअर असतात. म्हणून लेबलवरचा पार्ट नंबर लागतो आणि यूडीएसच्या, म्हणजे ईसीयूला माहिती विचारायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, २२ क्रमांकाच्या सेवेने वाचलेल्या आवृत्त्या लागतात. एफ१८९ या नोंदीवर गाडी कंपनीची सॉफ्टवेअर आवृत्ती मिळते, एफ१९५ वर सप्लायरची. दुसरी कळली की दुरुस्ती कोणाकडून यायची याचा अंदाज येतो, कारण गाडीवरचा बिल्ला एकाचा आणि कोड दुसऱ्याचा असं सर्रास असतं. तोच कोड इतर कंपन्यांच्या गाड्यांतही गेला असेल तर कळवायचं वर्तुळ मोठं होतं.

मग लॉग साफ करायचे. एफ१९० वर व्हीआयएन, म्हणजे त्या एकाच गाडीचा ओळख क्रमांक, असतो आणि संशोधकाच्या लॉगमध्ये तो हमखास राहिलेला असतो. भंगारातून आणलेल्या इन्फोटेनमेंट युनिटमध्ये तर आधीच्या मालकाचे फोन नंबर, घराचा पत्ता, कोणाला कधी फोन केला हे सगळं जसंच्या तसं सापडतं. ते कोणाच्याही डोळ्यांसमोर येता कामा नये, कंपनीच्याही नाही. हे काम मी नवख्यावर एकट्यावर कधी सोपवत नाही.

त्यानंतर पत्र. पूर्वी ते ग्राहकसेवेच्या खिडकीत पडून राहायचं. ‘जवळच्या विक्रेत्याकडे गाडी दाखवा’ असं उत्तर यायचं. यूएनचा गाड्यांच्या सायबर सुरक्षेचा आर१५५ नियम आल्यापासून यात फरक पडला आहे. युरोपीय संघात तो जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. त्यात कंपनीने धोके आणि त्रुटींवर सतत नजर ठेवून वेळीच पावलं उचलणं बंधनकारक आहे. त्यामुळे आता बहुतेक मोठ्या कंपन्यांत हे पत्र वाचणारं कोणीतरी असतं. तरी वेळ लागतोच. सॉफ्टवेअरच्या जगात रूढ झालेली ९० दिवसांची मुदत इथे अनेकदा अपुरी पडते. सप्लायरने दुरुस्ती करायची, गाडी कंपनीने ती चाचण्यांतून पार करायची, आणि हवेतून अपडेट जात नसेल तर प्रत्येक गाडी वर्कशॉपमध्ये यायची. मी मुदत वाढवून देते, पण एका अटीवर: दर महिन्याला काय हललं ते लेखी कळवायचं. गप्प बसणाऱ्याला वाढ नाही. संशोधकाला हे पटवणं कंपनीला पटवण्याइतकंच अवघड असतं, कारण त्याला आपलं काम लोकांपुढे यायची घाई असते आणि ती रास्तही असते. शेवटी त्रुटीला सीव्हीई क्रमांक, म्हणजे जाहीर त्रुटींच्या जागतिक यादीतला क्रमांक, लागतो. मघाशी उल्लेख केलेल्या श्टुटगार्टच्या गटाला असे क्रमांक देण्याचा अधिकार आहे, त्यामुळे कंपनीने टाळाटाळ केली तरी नोंद अडत नाही.

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिली गोष्ट नोकरीचा करार. फावल्या वेळात केलेल्या कामावर मालकाचा हक्क सांगणारं कलम अनेक करारांत असतं. तुमची कंपनी गाड्यांच्या व्यवसायात असेल तर लेखी परवानगीशिवाय एक पाऊलही टाकू नका. दुसरी गोष्ट देशाचा कायदा. अमेरिकेत २०१५ मध्ये सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनाला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली, गाड्यांसाठी ती २०१६ पासून लागू झाली आणि पुढे वाढवलीही गेली. सगळीकडे असं नाही. तिसरी गोष्ट, वस्तू कोणाची? स्वतःची गाडी किंवा विकत घेतलेला सुटा ईसीयू एक वेळ ठीक. पण गाडी तुमची असली तरी तिचं मोबाइल ॲप ज्या सर्व्हरशी बोलतं तो तुमचा नाही. चांगले संशोधक इथेच अडचणीत येतात.

हॅकिंग येत नाही याची चिंता सोडा. एम्बेडेडवाल्याकडे अशी एक गोष्ट असते जी पेनटेस्टरकडे नसते: वस्तू तशी का बनवली हे तो सांगू शकतो. बूटलोडरने (ईसीयूचं सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) सॉफ्टवेअरची डिजिटल सही का तपासली नाही? बऱ्याचदा आळसामुळे नाही. त्या मायक्रोकंट्रोलरवर जागा नव्हती किंवा गाडी सुरू व्हायला लागणारा वेळ परवडत नव्हता. हे कळलं की रिपोर्टमधली ‘एन्क्रिप्शन घाला’ ही मोघम सूचना जाऊन अंमलात येईल अशी सूचना लिहिता येते, आणि पलीकडचा इंजिनिअर पत्र गंभीरपणे वाचतो.

सरावासाठी गाडी लागतच नाही. लिनक्सवर आभासी कॅन इंटरफेस तयार करा, कॅन-युटिल्स ही कॅनची साधनं टाका, क्रेग स्मिथ यांचा आयसी-सिम हा मोफत क्लस्टर सिम्युलेटर चालवा आणि दरवाजे उघडण्याची फ्रेम कोणती हे कॅनडंप (बसवरच्या सगळ्या फ्रेमची नोंद) घेऊन स्वतः शोधा. लिनक्समधल्या कॅनच्या आधाराचा पाया फोक्सवागनच्या संशोधन विभागातल्या लोकांनी घातला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. न्यायालयात मनाई मागणारी कंपनी आणि आम्ही रोज वापरतो ते साधन देणारी कंपनी एकच. कंपनी म्हणजे एक माणूस नसतो, हे या कामात सतत लक्षात ठेवावं लागतं.

गट निवडताना आणखी एक गोष्ट बघा, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष नसतं. रिपोर्ट ज्या मेलबॉक्सवर येतात ती किती जण उघडू शकतात? एकच माणूस असेल तर तो आजारी पडला, नोकरी बदलली, थकला, की कोणाची तरी गंभीर त्रुटी महिनोन्‌महिने न वाचलेली पडून राहते. स्वयंसेवक थकतात, हे गृहीतच धरायला हवं. आमच्याकडे प्रत्येक रिपोर्टला दोन नावं असतात, आणि ठरावीक काळाने कामं बदलतात, मग कोणी कितीही नको म्हणो.

तेव्हा थोडक्यात, आधी करार तपासा. मग तुमच्याजवळच्या शाखेच्या एक-दोन सभांना नुसते जाऊन बसा. पटलं तर शोधायच्या कामाऐवजी एखाद्या जुन्या रिपोर्टची फेरतपासणी मागून घ्या, म्हणजे कंपनीने दिलेली दुरुस्ती बेंचवर लावून मूळ त्रुटी खरंच गेली का ते बघायचं. हे काम मागायला कोणी येत नाही, त्यामुळे ते लगेच मिळतं, आणि त्यातून रिपोर्ट कसा लिहावा हेही आपोआप कळतं. करारातल्या कलमाची भाषा, कंपनीचं नाव काढून, इथे टाकलीत तर कुठल्या कामांत अडचण येऊ शकते ते मी अनुभवावरून सांगू शकेन. पण सही करण्याआधी किंवा परवानगी मागण्याआधी ते एखाद्या वकिलाला दाखवाच.